डाव्या कानातला आवाज

रेकॉर्डच्या वेष्टनावर एक लाल गोल चिकटवला होता. त्यात लिहिलं होतं, ‘प्रथमच स्टिरिओमध्ये!’ उद्गारचिन्हासकट. मी तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. खोट्या गोष्टींना लावलेला गोंद फार पक्का असतो.

आमचा एकच अल्बम. वडिलांच्या गॅरेजात, दुरुस्तीला आलेल्या गाड्या बाहेर ढकलून, फरशीवरचं ऑइल पुसून वाजवलेला. ड्रमवर दादा, बेसवर लंबू, गिटारवर माझी मैत्रीण, जी पुढे माझीच वहिनी झाली, आणि गायला मी. गायला म्हणजे बोंबलायला. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाकडे दोनच पट्ट्या, म्हणजे दोनच ट्रॅक, असलेलं टेपचं यंत्र होतं. एका पट्टीवर त्याने ड्रम आणि बेस घेतला, दुसरीवर गिटार आणि मला. यात कसलीही कला नव्हती, होत्या तेवढ्याच पट्ट्या होत्या. मग त्याने दोन्ही एकत्र कालवल्या आणि जे निघालं ते मोनो. सगळं एकाच जागेवरून, एकाच दणक्यात, भिंत अंगावर कोसळल्यासारखं. ते तसंच हवं होतं. आम्हाला धड वाजवता येत नव्हतं. चौघांनी एकमेकांच्या चुका झाकल्या म्हणून तो अल्बम उभा राहिला.

आता जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढणारी कंपनी आली. तिचा माणूस फोनवर चिकटला की सुटत नाही, म्हणून आम्ही त्याला गोचीड म्हणतो. त्याला कुठल्याशा माळ्यावर ती मूळ टेप सापडली. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, मोनोच काढ. तो ‘हो ताई, हो ताई’ म्हणाला आणि लंबूकडे गेला. लंबूने हो म्हटलं. लंबूला कोणी विष प्यायला सांगितलं तरी तो आधी हो म्हणेल आणि मग विचारेल, कशात घालून. झालं. गोचीडाने एक पट्टी उजवीकडे टाकली, दुसरी डावीकडे, आणि वर लाल गोल डकवला. मोनो बिचारा पहिल्यापासूनचा. हा स्टिरिओ कानामागून आला आणि तिखट झाला.

मी घरच्या स्पीकरवर एक बाजू ऐकली. एका कोपऱ्यातून ड्रम, दुसऱ्या कोपऱ्यातून मी. भांडण झाल्यावर नवराबायको खोलीच्या दोन टोकांना बसतात तसं. ताट आपटावं तसं मी प्लेयरचं झाकण आपटलं आणि कामाला निघून गेले. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. त्या दिवशी माझ्याकडे शिकायला आलेल्यांचे फार हाल झाले.

दुपारी वहिनीचा फोन आला. ती चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दुकानातून कधीच फोन करत नाही.

“तुझा दादा ड्रम विकतोय.”

“कुठला ड्रम?”

“सगळा सेट. संध्याकाळी माणूस न्यायला येणार आहे. ड्रमचा क्लासही बंद केला. मुलांच्या घरी फोन करून सांगितलं. मला आत्ता शेजारणीकडून कळतंय.”

“भांडलात का?”

“भांडायला समोरचा बोलावा लागतो गं. रेकॉर्ड आल्यापासून हा माणूस माझ्याशी दोन शब्द बोललेला नाही. माझ्याकडे असा बघतो, जणू स्टेशनवर निरोप द्यायला आलाय.” तिने दुकानातल्या गिऱ्हाइकाला ‘थांबा’ म्हटलं. “दुसरं काही असेल तर तूच विचार त्याला. माझ्यात ताकद नाही.”

शेजारी बसलेल्या माझ्या शिकाऊ बाईंना मी सांगितलं, आज सरळ जायचं, माझ्या दादाच्या घरी. चांगली चालवली बिचारीने.

दादा तळमजल्यावरच्या खोलीत शिकवतो. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, शेजाऱ्यांसाठी. मी गेले तेव्हा तो झांजा स्टँडवरून उतरवून चादरीत गुंडाळत होता. त्याचा हात इतका हळू फिरत होता की मला बघवेना.

मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. घरातले सगळे तसेच करतात. काही वर्षांपूर्वी एका तापात त्याचा डावा कान गेला, पूर्ण, ठार. आता ते इतकं सवयीचं झालंय की ते लक्षात ठेवायची गोष्ट आहे हेच आम्ही विसरलो होतो.

“कशाला विकतोयस?”

“म्हातारा झालो.”

“म्हातारा तू जन्मल्यापासूनच आहेस. कारण सांग.”

तो खाली बसला. चादरीची गाठ मारली. मग म्हणाला, “तुझा आवाज गेला.”

“माझा?”

“माझ्यासाठी. नवी रेकॉर्ड लावली, हेडफोनवर. ड्रम येतात. बेस येतो. तू नाहीस. हिची गिटार नाही.” ‘हिची’ म्हणताना त्याने गुंडाळलेल्या झांजा मांडीवर ओढल्या. “कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, दुसऱ्या कानावर लक्ष ठेवा. आधी वरचे, बारीक आवाज जातील. बाईमाणसाचा आवाज, तारा. मग बाकीचं. सुरुवात झाली.”

मी त्याच्या आणखी जवळ सरकले.

“मी आत्ता बोलतेय ते?”

“तू बोलत नाहीस, ओरडतेस. ते या गाद्यांनाही ऐकू येतं.”

“मग डॉक्टरांकडे का गेला नाहीस?”

“जाऊन काय? आज मला वाटतंय की जातोय. तिथे गेलो की कागदावर येईल.”

“आणि वहिनीला?”

“तिला काय सांगू? की उद्या तू बोलशील आणि मी नुसता तुझ्या तोंडाकडे बघत बसेन? आणि ऐकू न येणाऱ्याने पोरांना शिकवायचं? कोण चुकतंय ते मला कळणार नाही. मला तसा मास्तर व्हायचं नाही. तसले पुष्कळ आहेत.”

हे मात्र खरं होतं. तसले पुष्कळ आहेत आणि कान चांगले असूनही आहेत.

मी हेडफोन उचलले. तेच जुने, कानावरचं स्पंज फाटलेले. प्लेयर चालू केला. पहिल्याच गाण्यात मी होते. डावीकडे, टाचणीसारखी टोचत. वहिनीची गिटार माझ्या अंगाला घासून चाललेली. मला इतका आनंद झाला की मूर्खासारखी ओरडले, “आहे की मी! स्पष्ट आहे!”

दादाने माझ्याकडे पाहिलं. “तेच तर,” तो म्हणाला. “तुला येतंय.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. धीर द्यायला गेले आणि मीच शेवटचा पुरावा हातात दिला. रेकॉर्डमध्ये सगळं आहे, मला ऐकू येतंय, त्याला नाही. संपलं. मी हेडफोन कानाला तसेच ठेवून उभी राहिले, कारण काढले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

तेवढ्यात दार उघडून वहिनी आत आली, दुकानातून तशीच, गळ्यात चष्मे पुसायचा फडका. काहीतरी म्हणाली. मला कळेना, म्हणून मी डाव्या कानावरचा डबा बाजूला केला.

“काय?”

“विचारलंस का, म्हणून विचारतेय.”

माझ्या उजव्या कानात दादा धडाधडा वाजवत होता. लंबू त्याच्या मागून धापा टाकत होता. आणि मी नव्हते. कडवं चाललेलं, मला ते पाठ आहे, त्या जागी मी घसा फाडून ओरडते, आणि तिथे काही नव्हतं. नुसती रिकामी जागा.

मी डबा पुन्हा डाव्या कानावर लावला. आले. काढला. गेले. लावला. काढला.

“हिला काय झालं?” वहिनी म्हणाली.

“गोचीड!” मी किंचाळले. “त्या गोचीडाच्या तर...” पुढचं इथे लिहीत नाही. दादाने मात्र ते सगळं नीट ऐकलं, एका कानाने.

मी हेडफोन काढले आणि त्याच्या डोक्यावर घातले. उलटे. डावा डबा त्याच्या उजव्या कानावर. तो ‘अगं, उलटे आहेत’ म्हणत हात वर करायला लागला आणि हात तसेच हवेत राहिले.

त्याचा चेहरा मी नीट पाहिला आहे, म्हणून सांगते. आधी काहीच झालं नाही. मग त्याचे डोळे खोलीभर फिरले, कोणीतरी आत आल्यासारखे. मग तो वहिनीकडे बघायला लागला.

“तू आहेस,” तो म्हणाला. हेडफोन घातलेला माणूस बोलतो तसा, मोठ्याने. “ही पण आहे. दोघी आहात.”

“कुठे आहोत?” वहिनी रडकुंडीला आली. “मला कोणीतरी सांगेल का काय चाललंय?”

मी सांगितलं. की त्या शहाण्याने आम्हा दोघींना डावीकडे कोंबलंय, दादाला आणि लंबूला उजवीकडे, आणि दादाचा डावा कान आहेच कुठे. मोनोत सगळं दोन्हीकडे सारखंच, म्हणून जुनी रेकॉर्ड एका कानाने आख्खी ऐकू यायची. हल्लीच्या गाण्यांतही गाणारा मधोमध असतो, कुठल्याही कानाला सापडतो. असं मधून फाडलेलं गाणं दादाने आयुष्यात एका कानाने ऐकलेलंच नव्हतं. वेष्टनावर स्टिरिओ लिहिलेलं त्याने वाचलं होतं. त्याला वाटलं, स्टिरिओ म्हणजे जरा पसरट, बाकी तेच. आणि त्यानंतर भीतीने त्याने दुसरं काही लावूनच पाहिलं नव्हतं.

वहिनी मटकन बसली. “म्हणजे कान...”

“कान आहे तिथेच आहे. रेकॉर्डची वाट लागलीय.”

तिचा जीव भांड्यात पडला तो आवाज मी ऐकला म्हटलं तर हसाल, पण एक लांब श्वास सुटला आणि पाठोपाठ गळ्यातला फडका दादाच्या अंगावर भिरकावला गेला. “आणि मला वाटलं तुझं मन उडालं माझ्यावरून! मी रोज एकटी जेवतेय, भिंतीकडे तोंड करून!”

दादा ऐकत नव्हता. त्याने बोट वर केलं. “थांब. थांब जरा.” कपाळाला आठ्या पडल्या. “दुसऱ्या गाण्यात तू चुकलीस.”

“काय?”

“दुसऱ्या कडव्यानंतर. चुकीच्या सुरावर गेलीस आणि गुपचूप सरकत सरकत परत आलीस.”

वहिनी लाल झाली. “तुला आत्ता कळलं?”

“इतकी वर्षं मी तिथे झांजा मारत होतो ना वरून!”

“म्हणून तर म्हटलं होतं तिथे जोरात मार!”

आणि तो हसायला लागला. हेडफोन उलटे, डोळ्यांतून पाणी, मांडीवर थापा मारत. तीही हसायला लागली, मग मी. नेमकी दारावर थाप पडली. ड्रम न्यायला आलेला माणूस. मागे टेम्पो, हातात दोरी.

“कुठलं कुठलं उचलायचं?” त्याने विचारलं.

“काहीच नाही,” दादा म्हणाला. “विकत नाही.”

“अहो, पण ठरलं होतं. मी भाड्याने टेम्पो आणलाय.”

“चहा घ्या,” वहिनी म्हणाली.

“चहा घेऊन टेम्पो भरत नाही बाई.”

त्याचं बरोबर होतं. आम्ही चुकलो होतो आणि त्याच्यासमोर तिघं रडून हसत होतो, हे आणखी वाईट. दादाने त्याला टेम्पोचं भाडं दिलं आणि वर माफी मागितली. तो पुटपुटत गेला, “कलाकार मंडळी.” त्याने त्या शब्दाचा शिवी म्हणून केलेला वापर मला पटला.

पण खरी गोष्ट एवढ्याने संपत नव्हती. दादा घाबरट आहे आणि घाबरट माणसाला हेडफोन उलटे करून दिलेला पुरावा सकाळपर्यंतच पुरतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत घातलं आणि कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वहिनीने दुकानातून सुट्टी घेतली. तिथे काचेची एक पेटी आहे, माणूस आत बसतो, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. आम्ही दोघी बाहेरून त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा हलला की वहिनी माझा हात दाबायची. मधे एकदा बराच वेळ तो हललाच नाही आणि तिने श्वास धरला. मग कळलं, बाई कागद बदलत होत्या.

“उजवा कान मागच्या वेळी होता तसाच आहे,” बाई म्हणाल्या. “अगदी वरच्या आवाजांसकट. तुम्हाला कशावरून वाटलं की जातोय?”

दादा माझ्याकडे बघायला लागला, मी वहिनीकडे. “गाणं,” दादा म्हणाला. “जुनं गाणं होतं.”

“पुढच्या वेळी आधी इकडे या,” बाई म्हणाल्या. “मग ड्रम विका.” वहिनीने सगळं सांगून टाकलं होतं, रांगेत बसल्या बसल्या.

बाहेर पायऱ्यांवर मी गोचीडाला फोन लावला आणि मोनो काढ नाहीतर तुझ्या ऑफिसात येऊन बसेन असं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, मागणी असेल तर बघू.” मागणी! एक कान असलेली माणसं मागणी करायला कुठे जमतात? मी त्यालाही तेच विचारलं. गप्प बसला. गोचीड गप्प बसला हीदेखील कमाई.

“मला मात्र ही फाटकी रेकॉर्ड ठेवायचीय,” दादा म्हणाला. “हिची गिटार मी कधी एकटी ऐकलीच नव्हती.”

“मोनो निघू दे,” वहिनी म्हणाली. “माझी चूक झाकली जाईल.”

ते दोघं त्यावर भांडत राहिले आणि मी त्यांच्यात पडले नाही. मोनोच बरोबर, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण त्या दोघांना असं भांडताना ऐकून इतकं बरं वाटत होतं की कोण बरोबर याच्याशी मला त्या वेळी काही देणंघेणं नव्हतं.

मग दादाने फोन काढला आणि पायरीवर बसूनच मुलांच्या घरी एकेक करून कळवायला लागला, क्लास पुन्हा सुरू. एका मुलाची आई म्हणाली, आता त्याला पोहायला घातलं, वेळ नाही. कालचा दादा त्यावर महिनाभर तोंड पाडून बसला असता.

“पोहू दे, पोहू दे,” दादा म्हणाला. “फक्त कानात पाणी जाऊ देऊ नका.” आणि त्याने पुढचा नंबर लावला.