रोसेंदाच्या दारातली नदी

"बाई, रोसेंदामावशी म्हणते, नदीला तुमचं गाव नकोसं झालं, म्हणून ती माझ्याकडं नांदायला आली."

नदीपलीकडे जाऊन आलेल्या मायलीने हे सांगितलं आणि वर्गात हशा पिकला. एउदोसियाबाईंच्या हातातला खडू मोडला.

रोसेंदा त्यांची सख्खी धाकटी बहीण. शिकली नाही, पलीकडच्या वस्तीत कोळ्याच्या घरी पडली. केळ्यांचे घड पाठीवर घेऊन ती बाईंच्या गावी, सांता ब्रिखिदाच्या धक्क्यावर यायची आणि लाँच येईपर्यंत बाईंच्या ओसरीवर बसून राहायची. गेल्या पुरात उकायाली नदीने वाट बदलली. आता लाँच रोसेंदाच्या दारात थांबे. तिच्या खानावळीवर नवे पत्रे चढले होते. बाईंच्या गावापुढे उरलं होतं हिरवट, निपचित तळं. पलीकडे ते पत्रे उन्हात चमकले, की बाई तोंड फिरवत.

"नदीला कुणी आवडतं-नावडतं नसतं," त्या तडकून म्हणाल्या. "चला अंगणात."

ओल्या मातीत त्यांनी बोटाने नागमोडी चर काढला आणि वरून पाणी सोडलं.

"बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात धावतं, काठ खातं. आतल्या अंगाला मंदावतं, गाळ टाकतं. त्यामुळे वळण फुगत जातं. आपण बाहेरच्या अंगाला, म्हणून आपल्याकडे पाणी खोल होतं, लाँच यायची."

"मग बिघडलं कुठं?" हार्लिनने विचारलं.

"वळण फार फुगलं, की त्याची दोन टोकं जवळ येतात. मध्ये जमिनीची चिंचोळी मान उरते. नदी ती दोन्हीकडून कुरतडते. एखाद्या मोठ्या पुरात मान तुटते, नदी सरळ धावत सुटते. जुन्या वळणाची तोंडं गाळाने बुजतात, त्याचं तळं होतं."

"त्या मानेवर कोण राहायचं, बाई?"

"रोसेंदा," बाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलांना होडीत घालून पलीकडे गेल्या.

"उगवलीस का ताई?" रोसेंदा कढईमागून ओरडली. "बस. आता ओसरी माझी!"

"मुलांना दाखव, तुझं घर कुठं होतं."

रोसेंदाचा झारा थांबला. तिने भर प्रवाहात बोट दाखवलं. "तो ओंडका वाहतोय ना, तिथं माझी पहिली चूल. दुसरी त्याच्या अलीकडं. आणि ह्यांची कबर त्याच्याही पल्याड."

"कबरसुद्धा? बोलली नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी? तू म्हणायचीस, 'सारखी घरं बांधून कंटाळत नाहीस का गं?'"

वर पत्रे लखलखत होते, आणि बाईंना ते अजूनही बघवत नव्हते.

तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. उतारूंनी बाकं भरली. एकजण बाईंकडे बघून ओरडला, "ए मावशी, इकडं मासा आण, लवकर!"

रोसेंदाचा चेहरा उतरला. "अहो, त्या शाळेतल्या बाई—"

बाईंनी तळलेला मासा आणि केळ्याचे काप ताटलीत वाढले, अंगावरचा झगा सावरला आणि त्या बाकाकडे निघाल्या.