माझ्या नावाखालचं त्यांचं म्हणणं

निर्जंतुकीकरणाच्या खोलीत मी कात्र्या मोजून ट्रेमध्ये लावत होते. तेवढ्यात नणंदबाई फोन पुढे धरून आत आल्या, पायात बाहेरची चप्पल तशीच. एरवी कोणी असं आत आलं असतं तर मी खरडपट्टी काढली असती, पण त्यांचा चेहरा बघून मी कात्री खाली ठेवली.

"हे तू लिहिलंस?"

फोनवर माझं नाव होतं आणि नावाखाली वाक्य होतं : 'हे प्रसूतिगृह बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं.'

"मीच लिहिलंय ताई. पण ते माझं म्हणणं नाही."

"शुद्धीवर आहेस ना? सगळ्या फोनांवर फिरतंय हे. गुरुवारी कुठल्या तोंडाने बोलणार आहोत आपण?"

त्यांचं चुकत नव्हतं. आमचं बावीस खाटांचं प्रसूतिगृह बंद करून सगळं मोठ्या इस्पितळात न्यायचं घाटत होतं आणि गुरुवारी जाहीर सुनावणी होती. ताई तिथेच नोंदणीच्या खिडकीवर बसतात आणि कर्मचारी संघटनेच्या सेक्रेटरीही आहेत. संघटनेतर्फे पाच जण बोलणार होते. त्यांत प्रसूतीच्या खोलीतली एकच नर्स, ती मी. तेवीस वर्षं मी त्या खोलीत उभी आहे. तिथलं काय खरं नि काय खोटं हे माझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार होतं?

भानगड सुरू केली ती फोरमनने. बसडेपोतून निवृत्त झालेला हा गृहस्थ वस्तीच्या ग्रुपवर लिहून मोकळा झाला की प्रसूतिगृह बंदच करा, नर्सांना काम नकोय. मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग दोन दिवस दोन्हीकडून अंगठे आणि लालबुंद तोंडं. तिसऱ्या दिवशी मला माझीच किळस आली. मी त्यांना लिहिलं, 'दम असेल तर चार पानं लिहून दाखवा.' त्यांनी पाच लिहिली. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण पानं चांगली होती.

मग आम्ही दोघांनी एक वेगळं पान उघडलं. फोटो नाहीत, खाली शेरे नाहीत, आठवड्याला एक निबंध. नियम फोरमनचा. त्यांच्या डेपोत पाळी संपवणारा ड्रायव्हर गाडीतले दोष सांगायचा, पुढचा ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचा, आणि पहिला 'बरोबर' म्हणेपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडायची नाही. आम्हीही पाळी बदलताना प्रत्येक बाईबद्दल असंच बोलतो, म्हणून मला तो लगेच पटला. निबंधाच्या पहिल्या भागात समोरच्याचं म्हणणं, तेही 'मी' म्हणूनच लिहायचं. तो 'बरोबर' म्हणाला की मग आपलं उत्तर.

माझा पहिला भाग त्यांनी तीनदा परत पाठवला. 'बाई, तुम्ही मला बावळट करून लिहिताय,' असं त्यांचं म्हणणं. करत होतेच मी. चौथ्या वेळी इतकं मनापासून लिहिलं की क्षणभर मीच डळमळले.

नेमक्या त्या भागाचा कोणीतरी फोटो काढला होता.

जेवणाच्या सुट्टीत केसपेपरांच्या खोलीत बैठक बसली, म्हणजे उभीच राहिली, कारण तिथे कपाटांच्या मधे खुर्ची मावत नाही. नऊ जण, हातात डबे.

"काढून टाक ते," ताई म्हणाल्या. "आत्ता, आमच्यासमोर."

"खालचं उत्तर कोणी वाचलंय?"

ड्रेसरने डब्यात बघितलं. बाकीच्यांनी एकमेकांकडे.

"लोक पहिल्या चार ओळी वाचतात गं," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग कमी, थकवा जास्त होता. "त्यातच आपला गळा कापला जातो. ही काय निबंधाची वेळ आहे का? पोटाचा प्रश्न आहे."

"पोटाचा आहे म्हणूनच. चार ओळी वाचून ज्यांनी हे बंद करायचं ठरवलं, त्यांच्याशी मी चार ओळींत भांडणार नाही. पाचवी ओळ वाचायची सवय लागू दे त्यांना. आपल्यालाही."

"मग गुरुवारी तू बोलायचं नाहीस."

"बरं. पण निबंध तिथेच राहणार."

हात वर झाले. सहा माझ्याविरुद्ध. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. बाहेर येऊन मी राहिलेल्या कात्र्या लावल्या.

गुरुवारी मी रजा टाकून गेले. दारातल्या वहीत साधी रहिवासी म्हणून नाव लिहिलं. फोरमन तिथे पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले. हडकुळे, कॉलरपर्यंत बटणं लावलेले. नमस्कार झाला आणि आम्ही दोन टोकांना बसलो.

ताई छान बोलल्या. किती बाळंतपणं, किती गरीब घरं, मोठं इस्पितळ किती लांब. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एखाद्या बाईला अचानक रक्त लागलं तर? तुमच्याकडे साठा नाही."

ताईंनी कागद चाळले. "आमच्याकडे तशी वेळच येत नाही," त्या म्हणाल्या.

आमची सगळी माणसं जमिनीकडे बघत होती. फोरमन माझ्याकडे बघत होते.

माझं नाव पुकारलं. मी उठले.

"वेळ येते," मी म्हटलं. "सहा वर्षांत अकरा वेळा आली. नऊदा रक्त वेळेवर पोचलं. दोनदा नाही. त्यातल्या एकीचा हात माझ्या हातात होता."

मागे कोणीतरी "अगं!" म्हणालं. ताईंनी डोळे मिटून घेतले. त्या बाईचा केसपेपर त्यांनीच लिहिला होता.

"प्रसूतिगृह बंद करा म्हणणाऱ्यांचं हे म्हणणं आहे आणि ते खरं आहे. पण बंद केलंत तर बाई मोठ्या इस्पितळापर्यंत पोचणारच नाही, वाटेतच बाळंत होईल. तिथे रक्त तर नाहीच, मीही नसेन. आम्हाला रक्ताचा फ्रिज द्या आणि तो सांभाळणारा एक माणूस द्या. सहा वर्षं मागतोय. अर्ज तुमच्याच कार्यालयात पडलेत."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "मृत्यूंचं हे तुम्ही लेखी द्याल? नावानिशी? तुमच्यावर शेकू शकतं."

"आमच्या निबंधांच्या पानावर लेखीच आहे," मी म्हटलं. "माझ्या नावाने, सगळ्यांसमोर, तीन आठवडे. वाचा की."