खुणेचा मणी

स्प्रिंगचे कान खाली होते. तारेच्या टोकावरून मणी ओघळू नयेत म्हणून लावतात ती एवढीशी स्प्रिंग. दोन बाजूंना दोन कान, ते दाबले की वेटोळी उघडतात आणि तार त्यात अडकते. ती लावताना कान नेहमी वर, छताकडे, हा तिचा शिरस्ता होता. शिरस्ता म्हणजे काय, अठ्ठावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेल्या बाईचा हात एकच काम दोन तऱ्हांनी करत नाही. आणि आज सकाळी पाहते तर कान खाली. म्हणजे कुणीतरी स्प्रिंग काढली होती, मणी उतरवले होते, परत ओवले होते आणि... कुणीतरी कशाला, घरात माणसं चार. मुलगा दिवसभर कामावर. ह्यांना मणी आणि मटार यांतला फरक विचारला तर हे मटार कुठे आहेत ते विचारतील. राहिली सून.

तशी पाल चुकचुकली होती ती पहिल्याच दिवशी, दोन महिन्यांपूर्वी, सुनेने ही पेटी आणून समोर ठेवली तेव्हा. चोवीस कप्प्यांची पेटी, वरून प्लास्टिकचा लेप दिलेल्या बारीक तारेचं रीळ, दोन पकडी — एक गोल तोंडाची, एक चपट्या — पितळेचे हूक, आणि मणी घरंगळू नयेत म्हणून खाली अंथरायचा करड्या रंगाचा जाड कापडाचा तुकडा. “दुपारचा वेळ जाईल आई, आणि हातही चालते राहतील.” हात चालते राहतील! म्हणजे ते थांबायला आलेत असं कुणीतरी ठरवलेलं होतं. सून दवाखान्यात नोंदींच्या टेबलावर बसायची. दिवसभर माणसं बघायची, कोण धडधाकट, कोण नाही, आणि चार वाजता घरी आली तरी बघणं काही सुटायचं नाही. एकदा एक मणी चिमटीत धरून म्हणाली, “आई, हा रंग कोणता म्हणाल हो?” निळा, आणखी कोणता? सून नुसती “हं” म्हणाली आणि मणी कप्प्यात टाकून दिला. ते “हं” अजून कानात होतं... कुसळासारखं.

गल्लीच्या तोंडाशी बटणं-नाड्यांचं दुकान होतं, त्याच्या माळ्यावर मणीवाल्या बाई शिकवायच्या. आठवड्यातून दोनदा ती तिथे जायची. पहिली माळ गळ्यात घालताच तुटली आणि मणी जिन्यावरून पार खालच्या दुकानात गेले. हूक आणि तार जोडायला लागतो तो इवलासा पोकळ धातूचा मणी, क्रिंप म्हणतात त्याला, तो तिने चपट्या पकडीने सरळ चिरडला होता; आतल्या आत तारच कापली गेली. “जीव काढलात त्याचा,” बाई म्हणाल्या. “आधी नुसता खोलगट करायचा, दोन तारा दोन बाजूंना बसल्या की मग मिटायचा. आणि इतकं ताणून नका ओवू हो, एका मण्याएवढी जागा सुटलीच पाहिजे. तार आखडली की माळ वळत नाही, ताठ उभी राहते.” ती घरी येऊन मुकाट्याने तसं करायला लागली. तार गळ्याच्या मापापेक्षा वीतभर जास्त कापायची, ओवण्याआधी भोकं तपासायची, खडबडीत भोकाचा मणी बाजूला टाकायचा, कारण तो तार घासत राहतो आणि सहा महिन्यांनी दगा देतो... दगा देणाऱ्या गोष्टी आधी हुडकून काढायच्या, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

कारखान्यात तिला सगळ्याजणी दुर्बीण म्हणायच्या. इंजेक्शनच्या औषधाच्या कुप्या असायच्या, काचेच्या, बोटभर. एक काळ्या पाटीसमोर धरायची, हलकेच फिरवायची, मग पांढऱ्या पाटीसमोर. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. एका कुपीला चार सेकंद. आणि अधूनमधून तपासणी विभागाच्या मोठ्या बाई एखाद्या ट्रेमध्ये मुद्दाम खराब कुप्या मिसळायच्या, खुणेच्या कुप्या. त्यांचे नंबर त्यांच्या वहीत, तपासणारीला पत्ता नाही. चार घातल्या तर चार निघाल्या पाहिजेत. तीन निघाल्या तर ती बाई दुसऱ्या दिवसापासून खोकी चिकटवायला. किती जणी गेल्या खोकी चिकटवायला... एक तर तिच्या शेजारी नऊ वर्षं बसलेली, डबा वाटून खाल्लेला, जाताना म्हणाली होती, “मला दिसतच होतं गं सगळं. दिसत नाही असं कधी वाटलंच नाही.” तेव्हा तिला ते सबबीसारखं वाटलं होतं. खोटं कशाला बोलायचं, थोडं बरंही वाटलं होतं.

म्हणून आज सकाळी तिने मोठ्या बाईंचीच युक्ती केली. नवी माळ होती: दोन गडद निळे, एक पांढरा, पुन्हा दोन गडद निळे, एक पांढरा. डावीकडून चोविसाव्या जागेवर तिने पांढराच, पण किंचित मोठा मणी ओवला, बोटाला लागेल इतपत. चिठ्ठीवर ‘चोवीस, मोठा’ असं लिहिलं आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली. स्प्रिंगचे कान वर. आता बघू या.

प्रश्न मण्यांचा नव्हताच. मणी गेले खड्ड्यात. प्रश्न फळीवरच्या डबीचा होता. सात दिवसांची डबी, रोजची दोन झाकणं, एक सकाळचं एक संध्याकाळचं, आणि त्यात ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या: सकाळची पांढरी, संध्याकाळची फिक्कट पिवळी, दोन्ही आकाराने सारख्या. अदलाबदल होता कामा नये, एकच गोळी दोनदा गेली तर भोवळ येऊन पडतील, असं डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. तिला, सुनेला नाही, मुलाला नाही. तीन वर्षं दर रविवारी ती डबी भरत आली होती. आणि पेटी आणली त्याच आठवड्यात सून सहज विचारावं तसं म्हणाली होती, “आई, गोळ्या मी भरत जाऊ का?” ती म्हणाली होती, “तीन वर्षं भरते आहे, हे आहेत ना अजून?” त्यावर सून गप्प बसली. पण गप्प बसली म्हणजे ऐकलं असं थोडंच असतं? दोनदा तिला फळीसमोर पाठमोरी उभी असलेली पाहिलं होतं, चाहूल लागताच बाजूला झाली आणि उगीच बरणी पुसायला लागली. बरणी स्वच्छ होती. आज मणी, उद्या गोळ्या, परवा किल्ल्या... आणि मग “आई, तुम्ही नुसत्या बसा.” बसा या शब्दाची तिला खरंच भीती वाटायची. मागच्या आठवड्यात हे खुर्चीतून उठताना भेलकांडले तेव्हाही तिने सुनेलाच मनात बोल लावला होता, भाजीत मीठ जास्त पडतं म्हणून.

साडेचारला ती ह्यांना घेऊन खाली उतरली. इमारतीच्या आवाराला दोन फेऱ्या, रोजच्या. पहिली फेरी अर्धीही झाली नाही तो हे बाकावर टेकले आणि खिसे चाचपून म्हणाले, “चष्मा राहिला वाटतं वर.” तिला बरंच झालं. किल्ली मुठीत घट्ट धरून, एकही पायरी वाजू न देता, ती दुसऱ्या मजल्यावर गेली. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरताना छाती धडधडत होती आणि त्या धडधडण्यात, लपवायचं कशाला, मजाही होती. दार उघडलं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज. टेबलावर माळ अर्धवट उतरवलेली. आणि शेजारी पेटीच्या झाकणात तीन मणी.

सापडली.

मोठा पांढरा मणी होताच. तो तिने ओळखला, जुन्या शत्रूला ओळखावं तसा. पण तीन? बाकीचे दोन गडद निळे होते, चांगले, निवडून घेतलेले, गुळगुळीत भोकांचे, आणि ते काढून टाकले होते. म्हणजे सून नुसती सुधारत नव्हती, बिघडवतही होती. चांगलं काढायचं, माळ बिघडवायची, मग उद्या सगळ्यांसमोर हलकेच म्हणायचं, आई, हे बघा काय केलंत... तिने रागाने दोन्ही मणी उचलले, माळेतला एक निळा सोडवून घेतला आणि गॅलरीच्या दारात गेली, उन्हात, पुरावा नीट बघून ठेवावा म्हणून. तळहातावर तीन मणी. तिन्ही निळे. तिने हात थोडा वाकडा केला, ऊन सरळ आत शिरलं... आणि दोन मणी हिरवे झाले. बाटलीच्या काचेसारखे गडद हिरवे. सावलीत घेतले, पुन्हा निळे. उन्हात हिरवे. पुन्हा सावलीत घेऊन पाहिले. सावलीत ते इतके निळे होते की तिने शपथ घेतली असती.

एकदा मोठ्या बाईंनी ट्रेमध्ये चार खुणेच्या कुप्या घातल्या होत्या आणि तिने पाच काढल्या. बाई वही उघडून म्हणाल्या, मी चारच घातल्यात. पाचवी खरीच खराब होती. सगळा ट्रे परत तपासायला गेला होता आणि तिचं नाव फळ्यावर लागलं होतं. दिसत नाही असं कधी वाटलंच नाही, असं म्हणणारी ती शेजारीण... तिचा चेहरा आठवायला गेली तर डबाच आठवला, पिवळ्या झाकणाचा. की पांढऱ्या?

आणि अजून अर्धी माळ तपासायची बाकी होती.

पाण्याचा आवाज थांबला. तिने माळेतला मणी परत तारेत घातला, बाकीचे दोन झाकणात होते तसे ठेवले, मोठ्या मण्याला टेकून, आणि जशी आली तशीच बाहेर पडून दार अलगद ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिली. रंगेहाथ पकडायला आलेली बाई चोराला आवराआवरीला वेळ देत उभी होती. तिचं तिलाच हसू आलं. मनातल्या मनात साठ आकडे मोजून तिने घंटी वाजवली.

“लवकर आलात?” सुनेचे हात ओले होते. “किल्ली नाही नेलीत?”

“राहिली बहुतेक. ह्यांचा चष्मा हवाय.” किल्ली मुठीत तळव्याला रुतत होती.

टेबलावर झाकण नव्हतं. माळ कापडावर सरळ पडलेली होती आणि स्प्रिंगचे कान खाली. तिचं लक्ष तिकडे गेलेलं पाहून सून म्हणाली, “छान जमते आहे आई. हूक मात्र तुम्हीच लावा, मला ते क्रिंप कधी नीट मिटत नाहीत.” म्हणजे ही स्वतःसुद्धा करून बघत होती. केव्हापासून? आणि फळीसमोर जी उभी असायची ती... विचारावं का? एका वाक्यात विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं की ते दोघींच्या मधे कायमचं येऊन बसलं असतं, तिला बसा म्हणणाऱ्या एखाद्या खुर्चीसारखं. ती चष्मा घ्यायला फळीपाशी गेली. चष्म्याशेजारी डबी होती, कालच भरलेली. तिने गुरुवारची दोन्ही झाकणं उघडली, दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या. एक पांढरी, एक फिक्कट पिवळी. पिवळी कोणती? ही... नाही, ही. गॅलरीच्या दारात जावंसं वाटलं, पण सून बघत होती, आणि तिचं ते बघणं आज पहिल्यांदाच दवाखान्यातलं वाटलं नाही, भ्यालेलं वाटलं.

तिने गोळ्या परत ठेवल्या. डबी उचलली, टेबलापाशी आली आणि करड्या कापडावर, माळेच्या शेजारी ठेवली. मग एकेक करून चौदाही झाकणं उघडली.

“राहू दे इथेच,” ती म्हणाली. “फेरी मारून आले की बंद करते.”

सुनेने डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बरं,” म्हणाली. तिच्या ओल्या हातातून पाणी जमिनीवर ठिबकत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

खाली हे बाकावर वाट बघत होते. “एवढा वेळ?”

“सापडत नव्हता चष्मा.”

राहिलेली फेरी पूर्ण झाली, तसे हे म्हणाले, “चला, वर जाऊ.”

“आणखी एक मारू.”

“पाय दुखतात गं माझे.”

“मग बसू या थोडं.”

दोघं बसली. ती हिशेब करत होती. चौदा झाकणं, एकेका गोळीला चार सेकंद, म्हणजे मिनिटभराचंही काम नाही. पण हात ओले असतील, ते पुसायला वेळ लागेल, उजेडात न्यावं लागेल, पुन्हा पुन्हा बघावं लागेल... सावकाश होऊ दे. आज डबीत तिने मुद्दाम काहीच घातलं नव्हतं, पाकिटात चिठ्ठी नव्हती, किती निघायला हव्यात तो आकडा कुणाच्याच वहीत नव्हता. शेजारी हे धापा टाकत चष्मा पुसत होते, पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होते. तिने वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं. दारात कुणीतरी उन्हाकडे तळहात धरून उभं होतं, किंवा नुसतीच वाळत घातलेली साडी होती, इतक्या लांबून तिला ठरवता येईना. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजून खूश होत आलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच मनापासून वाटलं, की तपासणारीची नजर आपल्यापेक्षा पक्की असू दे.