नऊ मिनिटं चाळीस

"चला आजोबा," म्हणत श्रेयाने मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं.

लालबागच्या चाळीपासून करी रोड स्टेशन, एवढंच चालायचं. कुठल्या स्टेशनला कुठवरची माणसं चालत येऊ शकतात, त्याचा नकाशा तिची कंपनी बनवत होती. कॉम्प्युटरने चाळीला दहा मिनिटांच्या आत टाकलं होतं. म्हणजे चाळीसमोरून स्टेशनला जाणारी छोटी बस बंद. श्रेया भांडली होती, "तुमच्या कॉम्प्युटरला गुडघे आहेत का?" शेवटी दीपकसर म्हणाले, "सत्तरीपुढचं एक माणूस चालवून दाखव. दहाच्या वर गेलं तर बस राहील. पण कशासाठी ते त्याला सांगायचं नाही. माणूस मुद्दाम रेंगाळतो."

तिने नाही सांगितलं; साहेब स्टेशनवर वेळ मोजणार, एवढंच सांगितलं. गरजच काय? चाळीतल्या गुणाजी आजोबांना नाक्यावरून दूध आणायला पंधरा मिनिटं लागायची. त्याच बसने ते रोज स्टेशन गाठायचे, दादरला अंथरुणाला खिळलेल्या भिवाला पेज भरवायला. गिरणीतला जोडीदार. त्याला दुसरं होतं कोण?

पण आज आजोबा सुटलेच.

"हळू ना! घाई नाहीये."

"गप गो. तुझो सायेब थंय घड्याळ घेऊन उभो आसा ना?"

एका हातात लेंगा, ओठ दातांत. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत गेट गाठायची जुनी चाल. पुलाखाली तर हात दाखवून येणारी टॅक्सीच थांबवली आणि रस्ता ओलांडला. श्रेयाने बाही धरली, त्यांनी झटकली.

स्टेशनच्या पायरीशी दीपकसरांनी आपल्या घड्याळाचं बटण दाबलं. नऊ मिनिटं चाळीस.

आजोबा पायरीवर कोसळल्यासारखे बसले. छाती भात्यासारखी, गुडघा दोन्ही हातांनी आवळलेला.

श्रेया तावातावाने वळली. "सर, हे रोज असे..."

"पास झालंस मा गो?" आजोबांनी मधेच विचारलं. "सकाळपासून तुझा तोंड सुकलेला. म्हटलंय, आज चेडवाची परीक्षा दिसता. माझ्यापायी नापास नको होऊक."

दीपकसरांनी पेन उघडं ठेवून तिच्याकडे बघितलं.

श्रेया आजोबांपुढे वाकली. "झाले, आजोबा. पास."

सरांनी कागदावर आकडा लिहिला.

"मग झाला तर!" आजोबा हसले, गुडघा चोळत. "आता घराक बसनेच जावया गो. पाय काय उचलाचे नाय आज."

बस आली. ड्रायव्हरने ओळखून हात केला आणि आजोबा दोन पायऱ्या चढेपर्यंत थांबून राहिला. श्रेयाच्या मुठीत मोबाइलवरचं घड्याळ अजून चालूच होतं.