मेनपाशी उभा माणूस

माणसाला कळलेलं नसलं की तो मान जरा जास्तच जोरात हलवतो. लिफ्टदुरुस्तीच्या प्रशिक्षण केंद्रात अकरा वर्षं दुभाषी म्हणून उभी राहून मी एवढं एकच शास्त्र शिकले. मास्तर त्यांच्या भाषेत सांगणार, मी ते चार भाषांत फिरवणार आणि बारा माना बघत बसणार. साधारण सात जणांना कळलेलं असतं, तिघांना कळल्यासारखं वाटत असतं, एकाला भूक लागलेली असते आणि एकाला कळलेलं असतं पण पटलेलं नसतं. मग मी प्रत्येकाला म्हणायची, "आता तू मला सांग." सगळं परत वदवून घेतल्याशिवाय कुणी शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, उतरायचं नाही. यात सकाळचा एक तास जायचा आणि मास्तर घड्याळाकडे बघत उसासे टाकायचे.

मग पट्टी आली. बोटाएवढी, कानामागे लावायची. मास्तरांच्या मनात जे असेल ते सरळ शिकणाऱ्यांच्या मनात. मधे शब्दच नाहीत, म्हणून भाषा नाही आणि म्हणून मीही नाही. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सात आठवड्यांत संपला. पट्टीवर शिकलेल्या पहिल्या तुकडीतल्या बाराही जणांना लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क पडले. ऑफिसातल्या बाईंनी मिठाई वाटली. मला दोन तुकडे दिले. दुसरा सांत्वनाचा असावा.

त्या बारांत माझी भाची होती. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली. हुशार, हट्टी, आणि दार उघडं टाकून बाहेर जाण्यात पटाईत.

मला भीती वाटायला लागली ती सरावाच्या शेवटच्या आठवड्यात. नियम असा आहे: मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची, मगच उतरायचं. कारण तुम्ही खाली असताना वर कुणी मेन चालू केला तर लिफ्ट खाली येते, आणि ती थांबून विचारत नाही. आधीच्या तुकड्यांतली पोरं उतरण्यापूर्वी एकदा तरी मान वळवून मेनकडे बघायची. काही तर तीनदा. ही तुकडी मेन बंद करायची, कुलूपही घालायची, पण किल्ली शेजारच्या खिळ्याला अडकवायची आणि सरळ उतरायची. बारांतला एकही मागे वळला नाही. खांदे इतके सैल, जणू घरचाच जिना. मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण ते स्वतः तसेच उतरतात.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मनात काय चाललंय ते मला समजतं. दुसऱ्या शाखेत जागा आहे का विचारू?"

पट्टी न लावता त्यांना माझं मन समजलं, म्हणजे कमालच. मी परत आले.

रविवारी संध्याकाळी भाची तिची हत्यारांची पेटी लावत होती. सोमवार नोकरीचा पहिला दिवस. पूर्वी जोडीनं पाठवायचे. आता सगळं येतंच म्हटल्यावर बारा जण बारा इमारतींत एकेकटे जाणार होते.

"मेन बंद केल्यावर काय करायचं?" मी विचारलं.

"कुलूप लावायचं, किल्ली खिशात." पाना पुसत ती म्हणाली. "मावशी, परीक्षा झाली माझी. तुझीच राहिलीय."

"मग शुक्रवारी सरावात किल्ली खिळ्याला का होती?"

"गरज काय? माणूस होता ना मेनपाशी."

"कोण माणूस?"

ती थांबली. पाना हातातच राहिला. "असतो की. उंच. डावा खांदा भिंतीला टेकवून उभा असतो. बोलत नाही फारसा."

त्या माणसाला मी ओळखत होते. मास्तरांचा मेव्हणा. सगळे त्याला खांब म्हणायचे. बावीस वर्षं मास्तर खाली उतरले की तो मेनपाशी उभा राहायचा, डावा खांदा भिंतीला टेकवून. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियानं गेला. माझ्या भाचीनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"तिथं कुणी नव्हतं गं," मी म्हटलं. "तो माणूस मेलाय."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. "आता भुतं दाखवून नोकरी सोडायला लावणार का मला?"

"किल्ली खिशात घालशील एवढं कबूल कर."

"घालीन गं बाई, घालीन." तिनं मान हलवली. जरा जास्तच जोरात.

सकाळी मी उठले तेव्हा ती निघून गेलेली होती. दार उघडंच.

मी धावत केंद्रात गेले. मास्तर रिकाम्या वर्गात पट्ट्या डब्यात भरत होते. मी त्यांच्या भाषेत विचारलं, "मास्तर, तुम्ही 'मेन बंद' असं मनात आणता, तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

"मेन दिसतो. दुसरं काय दिसणार?"

"आणि शेजारी?"

हातातला डबा त्यांनी सावकाश टेबलावर ठेवला. "खांब दिसतो," ते म्हणाले. "बाई, मी त्याच्याशिवाय कधी उतरलोच नाही. आता शिकवायला केंद्रातल्या नकली शाफ्टमध्ये उतरतो, तर तिथं मेन चालू करायला आहे कोण?"

"माझी भाची म्हणते, मेनपाशी उंच माणूस उभा असतो."

मास्तरांनी पट्ट्यांचा डबा दूर सारला. नियम त्यांनी बाराही जणांना नीट दिला होता, त्यात खोट नव्हती. पण त्या नियमाच्या खाली बावीस वर्षांचा निर्धास्तपणा होता, तोही सोबत गेला. भीती मात्र गेली नाही, कारण ती मास्तरांकडे उरलीच नव्हती.

भिंतीवर कामांची यादी होती. बारा इमारती, बारा फोन नंबर. पहिला नंबर मी भाचीचा लावला. वाजत राहिला. ती उतरताना फोन पेटीत ठेवते.

तिची इमारत दहा मिनिटांवर. मी दाराकडे निघाले, आणि मास्तरांनी यादीवर हात ठेवला. "बाई, बाकीचे अकरा. फोनवर पट्टी चालत नाही. मी बोललेलं त्यातल्या आठ जणांना कळणार नाही."

त्या एका क्षणाबद्दल मी आजही कुणाशी बोलत नाही. मग म्हटलं, "तुम्ही पळा. मेनपाशी उभे राहा, हलू नका."

अकरा वर्षं लोकांचं बोलणं मी नीट वाक्य जुळवून पोचवलं. त्या सकाळी प्रत्येकाला प्रत्येकाच्या भाषेत एकच सांगत होते: आधी बाहेर ये, मग बोलू. पहिला अजून बसमध्ये होता. दुसऱ्याला वाटलं मी त्याला चहाला बोलावतेय. चौथा बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, माणूस उभा आहे इथं." म्हटलं, "हात लावून बघ." मग नुसता श्वास ऐकू आला. सातव्याचा फोन इमारतीच्या रखवालदारानं उचलला आणि म्हणाला, "आत आहे तो. लोक ओरडताहेत, मी चालूच करत होतो लिफ्ट." त्याच्यावर मी इतक्या जोरात किंचाळले की ऑफिसातल्या बाई धावत आल्या.

अकरा झाले. अकराही बाहेर. यादीवर अकरा खुणा केल्या आणि फोन समोर ठेवून बसले.

फोन वाजला. मास्तर धापा टाकत होते. "मी मेनपाशी आहे. ती खाली आहे, धडधाकट. हाका मारतोय, ती वर बघून हसते आणि काम करत राहते."

"फोन विहिरीवर धरा," मी म्हटलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

खालून घुमत तिचा आवाज आला. "मावशी? तू कुठं? अगं, अर्धं काम बाकी आहे."

"बाहेर ये म्हणते ना!"

शिडीवर तिचे बूट वाजले. एकेक पायरी मी मोजली. मग मास्तर म्हणाले, "आली."

"तिची किल्ली कुठं होती?" मी विचारलं.

"खिळ्याला. मी काढली, तिच्या खिशात घातली, वरून थोपटून दाखवली." मास्तर थांबले. पुन्हा बोलले तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता. "बाई, तिनं मान हलवली, माझ्या शेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघून हसली, किल्ली खिशातून काढली आणि परत खिळ्याला अडकवली. माझ्यासमोर. आणि निघालीय पुन्हा शिडीकडे."