गाठी नसलेली मुळं

मी लव्हेंडरचं एक जुनं झुडूप आहे मित्रांनो, खोड लाकडासारखं झालेलं. पण माझ्या जांभळ्या फुलांचा वास अजून गेलेला नाही. माझा जन्म पाचगणीच्या एका बंगल्यातला. शेहेचाळीस साली तिथला इंग्रज साहेब विलायतेला निघून गेला आणि त्याच्या माळ्याने, नाथाजीने, मला डब्यात घालून वाईजवळच्या आपल्या मळ्यात आणलं.

नाथाजीच्या बायकोने, बनुबाईने, मला वांग्यांच्या वाफ्याच्या कडेला लावलं. ते वांग्याचं वाण तिच्या आईकडचं, जिवापाड जपलेलं. माझी वाढ बेताचीच होती. वर्षाने तिने मला उपटलं आणि वांग्याचं एक रोपही उपटून शेजारी ठेवलं. वांग्याच्या मुळांवर गाठीच गाठी होत्या.

"आवं, बघा की! भुईमुगावानी गाठी धरल्यात. गाठी जास्त तर भुईमूग जोमात, तसंच ह्ये. लय जोमाचं वांगं हाय. तुमच्या साहेबाच्या झाडाला एकबी गाठ न्हाई. टाका उकिरड्यावर."

"वासापुरतं तरी ऱ्हाऊ दे गं," नाथाजी म्हणाला. मी पुन्हा त्याच मातीत गेलो.

पुढच्या हिवाळ्यात पाणी देऊनही वांगी दुपारी माना टाकू लागली. नेमकी तेव्हाच वडूजहून लेक राहीबाई आली. तिच्या विहिरीला नुकतंच पाणी लागलं होतं. त्या पाण्यावरच्या पहिल्यावहिल्या मळ्यासाठी तिला आईची वांगी हवी होती. बनुबाईने त्याच वाफ्यातली रोपं मातीसकट पाटीत भरली.

राहीबाईचा हात भुईमुगात वाढलेला. तिने एका रोपाची गाठ नखाने खरवडली.

"आई, भुईमुगाची गाठ नखानं सुटती. ही सुटंना. मूळच सुजलंय गं!"

बनुबाईचा चेहरा उतरला. तिने सुकलेलं वांगं उपटलं, तर मुळांना गाठींशिवाय जागा नव्हती. मग तिने मला खणून काढलं. माझी मुळं साफ होती. मातीतले सुतासारखे, डोळ्यांना न दिसणारे किडे मुळांत शिरून या गाठी करतात. त्यांनी मला का सोडलं, हे मला आजही कळलेलं नाही. माझ्या रसात काही आहे, की माझी मुळंच चिवट आहेत?

"ही माती माझ्या रानात गेली असती तर?" राहीबाई म्हणाली.

बनुबाईने पाटी आपल्याकडे ओढली. तिने पाटीतली रोपं उन्हात वाळवून चुलीत घातली. झाडावर पिकून पिवळं झालेलं एक वांगं चिरलं, बी धुऊन फडक्यात बांधलं आणि लेकीच्या हाती दिलं. मग माझी एक कोवळी फांदी मोडली. "हीबी ने. मातीचा कण नगं."

मला तिने त्याच खड्ड्यात लावलं आणि दोन्ही हातांनी माती दाबली. एवढ्या मायेने तिने आधी कधी दाबली नव्हती.

मित्रांनो, झाड सुकलं तर पाणी द्याच, पण एकदा मूळही बघा. आणि जे साफ दिसतं, ते टाकण्याआधी असं का, एवढं तरी विचारा. राहीबाईची वांगी वडूजला पिकली. तिच्या बांधावर माझी फांदीही फुलली, असं बनुबाई मला पाणी घालताना सांगायची.