हवालदार शब्दाचा अर्थ

चौकीत त्याला नावानं कुणीच हाक मारत नसे. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमचे हवालदार’ म्हणायची. अंगानं आडदांड, पण भांडणतंट्यापासून चार हात लांब राहणारा माणूस. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा, या धोरणानं त्याची नोकरी आजवर बिनबोभाट झाली होती.

त्या दिवशी सकाळी मास्तरांना आणून कोठडीत टाकलं. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त भाषाशिक्षक. शाळेच्या मैदानावर इमारत उठवायला ठेकेदार खोदाईचं यंत्र घेऊन आला, तेव्हा म्हातारा खुर्ची टाकून यंत्रासमोर बसला. ओढाताणीत ठेकेदार घसरला आणि त्याचा हात मोडला. आता हा ठेकेदार पडला फौजदारांचा सख्खा मेहुणा, त्यामुळे मास्तरांवर थेट मारहाणीचा गुन्हा.

मागोमाग मास्तरांची बायको आली. रक्तदाबाच्या गोळ्या हवालदाराच्या हातात ठेवून म्हणाली, “आता ते तुमच्या हवाली.” आणि वकील गाठायला निघून गेली.

ते ऐकून मास्तर गजाआडून हसले. हवालदार म्हणजे काय, ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. त्यानं अंदाजानं सांगितलं, दारावर उभा राहतो तो.

“या दाराचा त्या दाराशी संबंध नाही,” मास्तर म्हणाले. जन्मभर वर्गात बोललेला माणूस, कोठडीतही रंगात आला. शब्द अरबी-फारसीतून फिरत आपल्याकडे आलाय, त्यांनी समजावलं. हवाला म्हणजे सोपवलेली गोष्ट, आणि दार म्हणजे ती बाळगणारा. पूर्वी अख्खा किल्ला त्याच्या स्वाधीन असे, किल्ल्याच्या चाव्या त्याच्याकडे असत. “धरून नेतो तो हवालदार नव्हे. सांभाळतो तो.”

हवालदाराला गंमत वाटली. इतकी वर्षं बिल्ला मिरवला, आणि अर्थ आज कळला.

दुपारी फौजदार आले. त्यांनी हवालदारापुढे हात पसरला, चावी मागितली आणि जेवून ये म्हणाले. डबा तर त्याच्या टेबलावरच होता. तसं त्यानं सांगितलंही. “मग चहा पिऊन ये,” फौजदार म्हणाले. हवालदारानं मास्तरांकडे न बघता चावी दिली.

टपरीवर त्यानं चहा सांगितला खरा, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हातारा माणूस, त्यात रक्तदाब. खिशात हात घातला तर गोळ्या हाताला लागल्या. चहा येण्याआधीच तो उठला.

चौकीच्या पायरीवरच त्याला आतून मारहाणीचा आवाज ऐकू आला. मास्तर भिंतीशी बसले होते, कानातून रक्त गळत होतं. फौजदारांचा हात पुन्हा उगारलेला होता. हवालदार आत शिरला आणि दोघांच्या मध्ये बसला.

“बाहेर हो.”

“नाही साहेब. ते माझ्या हवाली आहेत.”

फौजदारांनी शिव्या घातल्या, नोकरीची धमकी दिली. हवालदार जागचा हलला नाही. साक्षीदारासमोर हात उचलायची मात्र फौजदारांची हिंमत झाली नाही. संध्याकाळी वकील आला, जामीन झाला. मास्तरांचा एक कान मात्र कायमचा गेला.

चौकशी लागली तेव्हा हवालदारानं पाहिलं तसं सांगितलं. चावी आपणच दिली, हेही सांगून टाकलं. फौजदारांची बदली झाली, त्याची स्वतःचीही झाली: जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात पहारा. बरोबरीचे लोक त्याला पाहून रस्ता बदलू लागले. बायको रागावली नाही, पण मुलीच्या लग्नाचं बोलणं पुढे ढकलू या म्हणाली.

पुढे एका रविवारी तो मास्तरांच्या घरी गेला. दार बाईंनी उघडलं. परत येऊन तुम्ही त्यांना वाचवलंत, हे सगळा गाव सांगतो, असं त्या म्हणाल्या.

“मला त्याच्या आधीचं सांगा. चावी देऊन तुम्ही गेलात कशाला?”

घरून निघताना त्यानं बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

“घाबरलो होतो,” तो म्हणाला.

कोण आलंय, असं मास्तरांनी आतून गरजेपेक्षा मोठ्या आवाजात विचारलं. बाईंनी त्यांना उत्तर दिलं नाही. पण दारही लावून घेतलं नाही. चपला काढाव्यात की नाही, ते न कळून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.